गुणांचा रकाना

चाळीस वाइन चाखायच्या म्हटलं की ज्यांनी कधी चाखलेल्या नाहीत त्यांना मजा वाटते. विसाव्या ग्लासानंतर हिरड्या आकसतात. तिसाव्यानंतर जीभ तोंडात कुणीतरी विसरून गेल्यासारखी पडून राहते. एकही घोट पोटात जात नाही, सगळं थुंकायचं असतं, तरी संध्याकाळी डोकं जड होतं आणि दात दोन दिवस जांभळे राहतात. सांगलीत, विश्रामबागेतल्या ज्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तिथली मुलं दुसऱ्या दिवशी माझ्या दातांकडे बघून हसतात. पूर्वी मीही हसायचे. आता तेवढा उत्साह राहिला नाही.

या कामाला मला लावलं सरांनी. द्राक्ष बागायतदारांनी एकत्र येऊन आमच्या भागापुरती वाइनची स्पर्धा सुरू केली, तेव्हा मुख्य परीक्षक म्हणून ते आले आणि मदतनीस म्हणून कॉलेजनं मला पाठवलं. मला वाटलं होतं, कुणीतरी सुटाबुटातला, परदेश पाहिलेला माणूस असेल. हॉलच्या दारात उभे होते ते अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खाकी पँट, पायांत चामडी चपला आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत एक पितळी तस्त, एक शिसपेन्सिल आणि फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी.

वास घेण्यात एवढं नाव, म्हणून मी आधी नाक पाहिलं. नाक काहीच नव्हतं. दोन भोकं आणि वर चष्मा टेकायला थोडी जागा.

"बाई, केसांना काय लावलंय?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"खोबरेल."

"धुऊन या."

मी धुऊन आले. त्या दिवशी आणखी पुष्कळांना काय काय करावं लागलं. उद्घाटनाच्या तबकातल्या उदबत्त्या विझवून बाहेर गेल्या. स्वागताला उभ्या असलेल्या दोन मुलींनी गजरे काढले. प्रमुख पाहुण्यांनी अत्तर लावलं होतं. त्यांना सरांनी अतिशय अदबीनं बाहेरच्या व्हरांड्यात खुर्ची दिली आणि आतून दार लावून घेतलं. मग त्यांनी ग्लास हुंगायला सुरुवात केली. एकशे वीस ग्लास होते. सतरावा हुंगून म्हणाले, "साबण." सगळे परत धुवायला गेले. स्पर्धा दोन तास उशिरा सुरू झाली आणि संयोजक माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जणू सरांना मीच घेऊन आले होते.

सर मूळचे वाईचे, राहायला लोणंदला. उभी नोकरी एका दूध शीतकरण केंद्रावर झाली. काम एकच. धक्क्यावर गावोगावचे कॅन यायचे. झाकण उचलायचं, नाक आत घालायचं आणि म्हणायचं, 'चालेल' किंवा 'परत'. मिनिटाला दहा-बारा कॅन. कुठल्या म्हशीनं कडू पाला खाल्लाय, कुठल्या घरी कॅन उन्हात राहिला, कुणाच्या गोठ्यात रॉकेल सांडलंय, हे त्यांना झाकण उघडता उघडता कळायचं. या नावामुळेच बागायतदारांनी त्यांना स्पर्धेला बोलावलं होतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला एकदा सांगितलं, "आमच्या वडिलांचा कॅनसुद्धा परत पाठवला होता यांनी. दिवाळीच्या आदल्या दिवशी." मग म्हणाल्या, "दूध नासलेलंच होतं म्हणा."

दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नाही. वाइन तोंडात फिरवायची, तस्तात टाकायची, कोमट पाण्यानं चूळ भरायची आणि बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा चावायचा. "आपण पिणारे नाही, पंच आहोत," म्हणायचे. स्पर्धेआधी आठ दिवस चहा बंद, तिखट बंद. लोणंदला कांद्याचा बाजार जोरात असला की तिथल्या हवेनं नाक बिघडतं म्हणून ते आठवडाभर वाईला बहिणीकडे जाऊन राहायचे. तिथे बहिणीला फोडणी बंद. ती बिचारी दर वर्षी आठ दिवस उकडलेल्या भाज्या खायची.

पुस्तकातले वास त्यांना मान्य नव्हते. कुणी परीक्षक इंग्रजी पुस्तकातल्या फळांची नावं घेऊ लागला की विचारायचे, "तुम्ही खाल्लंय का ते?" त्यांचे वास आमचे होते. पावसात राहिलेलं पोतं. गुळाच्या काहिलीची मळी. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवातून नुकती काढलेली हळद. लग्नाच्या ट्रंकेतलं लुगडं. मी त्यांच्याकडून हेच शिकले आणि दुसऱ्या वर्षापासून परीक्षक म्हणून चाखायलाही बसले. आजही एखादा ग्लास नाकाशी नेला की मला आधी जागा आठवते, मग दोष सापडतो.

दोष मात्र सापडायचाच. परीक्षणाच्या कागदावर शेऱ्यासाठी दोन रकाने होते. एक गुणांचा, एक दोषांचा. सर दोषांच्या रकान्यात बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहायचे (शाईला वास येतो म्हणून पेन्सिल) आणि गुणांच्या रकान्यात सरळ आडवी रेघ मारायचे. मी एकदा विचारलं.

"गुण आकड्यात दिलेत ना?" ते म्हणाले. "मग पुन्हा शब्दांत कशाला? चांगलं असेल ते त्याच्याजवळ आहेच. नाही ते सांगायला आपण."

हे शेरे टाइप करून बागायतदारांना पाठवायचं काम माझं. संयोजकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जरा सौम्य करा. पहिल्या वर्षी मी एक शेरा सौम्य केला. सरांनी प्रत मागवून वाचली आणि एवढंच म्हणाले, "बाई, दुधात पाणी घातलंत." त्यानंतर मी शब्द बदलला नाही. ते जसं लिहीत तसं जात राहिलं. त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही.

दर वर्षी न चुकता एक बाटली कुंडलहून यायची. पाठवणारे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. गावी उसाची जमीन होती. त्यातल्या दीड एकरावर त्यांनी शिराज नावाची वाइनची काळी द्राक्षं लावली आणि शेडमध्ये दोन टाक्या बसवून स्वतः वाइन करू लागले. उंच, सरळ पाठीचा माणूस. निकाल ऐकायला पहिल्या रांगेत येऊन बसायचे, शेऱ्याचा कागद उभ्या उभ्या वाचायचे, चार घड्या घालून खिशात ठेवायचे आणि कुणाशी न बोलता जायचे.

त्यांचे पाच वर्षांचे पाच शेरे मला पाठ आहेत, कारण ते मीच टाइप केले. पहिल्या वर्षी, 'ओल्या पोत्याचा वास. टाक्या धुवा.' दुसऱ्या वर्षी, 'व्हिनेगर. लोणच्याला वापरावी.' तिसऱ्या वर्षी, 'द्राक्षं उशिरा काढली. बेदाणा झाला.' चौथ्या वर्षी, 'उकडलेला कोबी.' आणि पाचव्या वर्षी, 'दोष कमी. चवही कमी.' शेजारच्या रकान्यात पाचही वर्षं रेघ.

सहाव्या वर्षाची गोष्ट. बाटल्या नेहमीसारख्या कापडी पिशव्यांत झाकलेल्या, वर फक्त नंबर. दुपारी लाल वाइनची फेरी सुरू होती. एका नंबरावर सर थांबले. हुंगलं, चाखलं, थुंकलं, पुन्हा हुंगलं. मग त्या दिवसातले सगळ्यांत जास्त गुण दिले. आम्हा बाकीच्यांचेही तसेच होते. सुवर्णपदक तिथेच ठरल्यासारखं झालं. फेरी संपल्यावर यादी उघडली. तो नंबर कुंडलच्या सुभेदारांचा.

मला आनंद झाला. खरंच झाला. मी सरांकडे वळले तर ते रिकामा ग्लास नाकाशी धरून बसले होते.

"बाई, ही कुंडलची नाही."

"म्हणजे?"

"त्याची वाइन मी पाच वर्षं चाखतोय. दोष दर वर्षी वेगळा असायचा. पण खाली एक गोष्ट कायम होती. काळ्या रानात पाणी सोडलं आणि वर ऊन पडलं की जसा वास येतो, तसा. फार छान वास होता तो. दुसऱ्या कुणाच्याच वाइनला नव्हता. यात नाही."

पाच वर्षं यांना तो वास माहीत होता आणि आवडतही होता. मग मी पाच वेळा ती रेघ कशाला टाइप केली? पण ते बोलायची ती वेळ नव्हती. संध्याकाळी बक्षीस समारंभ होता आणि निकालाच्या कागदावर सरांची सही व्हायची होती.

त्यांनी सुभेदारांना हॉलमागच्या खोलीत बोलावलं. खोलीत आम्ही तिघंच. सरांनी ग्लास पुढे ठेवला.

"सुभेदार, ही वाइन कुठली?"

सुभेदारांनी ग्लासाकडे पाहिलंही नाही. "नाशिककडची," ते म्हणाले. "एकाकडनं तयार घेतली. लेबल माझं लावलं."

एवढ्या सहज कबुलीची माझी तयारी नव्हती. मी चिडून म्हणाले, "अहो, ही फसवणूक आहे. तुमच्यासारख्या माणसानं—"

"व्हय बाई, फसवनूकच हाय," ते मान हलवून म्हणाले. मग सरांकडे वळले. "थोरला पोरगा म्हंतोय, वेली काढून ऊस लावू. धाकल्याचंबी तेच. मी म्हनलं, एक डाव पदक आनतो, मग बोला. आपल्या वाइनला मिळंल असं काय वाटंना. आवं सर, चोवीस वर्सं फौजेत काढली. तितं चुकलं की आई-भैनीवरनं शिव्या खाल्ल्या. पन नीट झालं की तोच सायेब पाठीवर थाप मारायचा. तुमी पाच वर्सं मला काय चुकतंय ते सांगितलंसा. मी एकेक सुधरत गेलो. पन काय जमलंय, ते एकदा तरी सांगितलंसा का?"

बाहेर माईक तपासत होते, त्याचा आवाज येत होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"या वर्षीची तुमची स्वतःची कुठाय?"

"टाकीत हाय. दोन बाटल्या गाडीत हायत."

"आणा."

सुभेदार बाटली घेऊन आले. सरांनी मला ग्लास धुवायला लावला, वाइन ओतली, हुंगली, तोंडात फिरवली आणि तस्तात थुंकली. अगदी नेहमीसारखंच. मग म्हणाले, "गंधक जरा जास्त पडलाय. बाकी चांगली आहे."

"काय म्हनलासा?"

"चांगली आहे म्हणालो."

सुभेदार मागच्या खुर्चीवर बसले.

बाटली बदलून घेणं नियमात नव्हतं आणि सरांनी तसं सुचवलंही नाही. सुभेदारांनी एका ओळीचा अर्ज लिहिला, नोंद मागे घेतो म्हणून. कारण लिहिलं नाही. सरांनी त्यावर सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मला ते पटलं नव्हतं. खोटं लेबल लावणाऱ्याला सगळ्यांदेखत बाद करायला हवं, असं माझं मत होतं आणि मी ते बोलून दाखवलं.

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले. "पण यात थोडं माझंही आहे."

मी सही केली. त्या दिवशी अडतीस वाइन चाखून झाल्या होत्या. भांडायला अंगात त्राण नव्हतं. सुवर्णपदक दुसऱ्या कुणाला तरी गेलं. कुणाला, ते आता आठवतही नाही.

समारंभ संपल्यावर सरांनी संयोजकांना परीक्षकपद सोडत असल्याचं पत्र दिलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "झाकलेल्या बाटलीत मला माणूस दिसायला लागला. आता पंच म्हणून उपयोग नाही." मग मिरजेहून येणाऱ्या गाडीची चौकशी करत ते पिशवी घेऊन निघून गेले. मुख्य परीक्षकाची खुर्ची माझ्याकडे आली. मागितली कुणी नव्हती, पण नाही म्हणणंही जमलं नाही.

पुढे कळलं की सर कुंडलला जाऊ लागलेत. द्राक्षं काढायच्या दिवसांत लोणंदहून पॅसेंजरनं यायचे. स्टेशनवरून सुभेदार त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून मळ्यात न्यायचे. आठ-आठ दिवस मुक्काम. सुभेदारांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, मला एकदा बाजारात भेटल्या, म्हणाल्या, "सर आलं की आमच्या घरात कांदा बंद. ह्येंच्या जेवनाचं लय हाल." पण हसून म्हणाल्या.

तिसऱ्या हंगामानंतर कुंडलची बाटली पुन्हा स्पर्धेत आली. ती पिशवीत झाकलेली होती, तरी ग्लास नाकाशी नेला आणि मला तापलेलं काळं रान दिसलं. सरांच्या नियमानं मीही तिथेच उठायला हवं होतं. उठले नाही. मनाशी दोन गुण कापले, मग पुन्हा घातले आणि शेवटी जीभ म्हणाली तेच लिहिलं. बाकीच्या दोघा परीक्षकांचे आकडे माझ्याहून जास्त निघाले. रौप्यपदक मिळालं. सुभेदार मंचावर आले, पदक घेतलं, सवयीनं टाचा जुळवल्या आणि लोक हसले. सर आले नव्हते.

पदकामुळे सगळं सावरलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. पदक मिळाल्यावर सुभेदार हॉटेलवाल्यांकडे बाटल्या घेऊन फिरले. लोकांनी पदक कौतुकानं हातात घेऊन पाहिलं आणि बाटली परत दिली. शेजारच्या दोघा-तिघांनी वाइनच्या बागा आधीच काढल्या होत्या. पुढच्या वर्षी द्राक्षं उतरल्यावर सुभेदारांनीच मुलांना सांगितलं, "लावा ऊस."

बाग काढायच्या आदल्या दिवशी सरांचा मला फोन आला. मोटारसायकलवर बसणं आता झेपत नाही, तर मी सांगली स्टेशनवरून कुंडलला गाडीनं नेईन का. मी रजा टाकली.

आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी निम्म्या बागेतून फिरून गेला होता. तारा एकीकडे, लोखंडी अँगल एकीकडे, वेलींचे बुंधे मुळ्यांसकट बांधावर. सुभेदार आंब्याखाली बाजेवर बसले होते. सर शेजारी जाऊन बसले. वहिनींनी ताक आणून दिलं. जेसीबी वळला की धूळ यायची, बसायची.

बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "बाग चांगली होती."

सुभेदार खो-खो हसायला लागले. हसता हसता टॉवेलनं डोळे पुसले. "आवं सर, आता म्हंतासा व्हय!"

सरही हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

परत येताना गाडीत ते डोळे मिटून बसले होते. पलूस मागे पडलं तेव्हा एकदम म्हणाले, "बाई, मला वास येत नाही."

"सर्दी झालीय?"

"नाही. तो साथीचा ताप आला होता ना मला, तेव्हापासून. दोन वर्षं झाली. आधी वाटलं, येईल परत. नाही आला. तुमच्या काकूनं समोर कांदा कापला तरी कळत नाही."

मी गाडी हळू केली. मनातल्या मनात वर्षं मोजली. "म्हणजे ती रौप्यपदकाची वाइन—"

"त्याची. पूर्ण त्याची. टाकीवर चढून तो वास घ्यायचा आणि खाली मला सांगायचा. सर, अमुक येतंय, सर, आज तमुक येतंय, उद्या दुसऱ्या टाकीत फिरवू का. मी आपला 'व्हय' म्हणायचो. एकदाही चुकला नाही." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "त्याला सांगू नका हं. बागही गेली. निदान शिकवणारा खरा होता एवढं राहू दे त्याच्याजवळ."

मी बरं म्हटलं. स्टेशनवर त्यांना रेल्वेत बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी हात केला आणि मग शेजारच्या प्रवाशाच्या डब्यात काय आहे ते वाकून पाहू लागले.

घरी पोचून चहा टाकला तोच सुभेदारांचा फोन आला.

"बाई, सर गाडीत बसलं का नीट?"

"बसले."

"वाटंत काय बोललं का?"

"नाही. झोपले होते."

"बरं." फोनवर मळ्यातला वारा ऐकू येत होता. "बाई, एक सांगतो, त्यास्नी कळू देऊ नका. त्यास्नी वास येत न्हाई. दोन वर्सं झाली. ग्लास नाकाला धरून गप उभं ऱ्हायचं. मी ओळाकलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? वास मला येत हुता की. मला फकस्त खाली उभं ऱ्हाऊन 'व्हय' म्हननारा मानूस पायजे हुता."